साक्षीकांदा

चौदाच्या चौदा गावांचं पाणी नकाशावर हिरवं आलं, तेव्हा अनुजाला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. तिने पडद्यावरचा नकाशा मोठा केला, लहान केला, उठून खिडकी उघडली, पुन्हा बंद केली आणि मागवलेला चहा प्यायलाच विसरली. सलग तिसऱ्या महिन्यात एकाही गावावर लाल ठिपका नाही? आणि तोही आपल्या तालुक्यात? जिथे ग्रामसभेत दोन माणसांचं एका गोष्टीवर जमत नाही, तिथे चौदा गावांच्या विहिरींचं एकमत झालं होतं. तिला ते पटेना.

अनुजा रासकर तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवी आणि पाणीतपासणीचं केंद्र सांभाळी. लग्नाला दहा वर्षं झाली तरी तालुका तिला माहेरच्याच आडनावाने ओळखत होता. या तपासणीच्या योजनेचं सरकारी नाव वाचताना धाप लागे, म्हणून लोकांनी त्याचं ‘साक्षीकांदा’ करून टाकलं होतं. दर महिन्याला घरोघरी एक लहानसा कांदा मिळायचा. तो पेल्याच्या तोंडावर ठेवायचा, बूड पाण्याला टेकेल असा. काही दिवसांत त्याला मुळं सुटायची. मग फोनला भिंगाचा एक चिमटा लावून मुळाच्या टोकाचा फोटो काढायचा. पुढचं सगळं फोन बघून घ्यायचा.

फोन काय बघायचा, ते समजून घेण्यासारखं आहे. मुळाच्या टोकाशी पेशी सतत दुभंगत असतात, एकीच्या दोन आणि दोनांच्या चार. दुभंगण्याआधी पेशी आपल्या गुणसूत्रांची एकेक नक्कल तयार करते, आणि मग त्या जोड्या सोडवून दोन टोकांना ओढून न्याव्या लागतात. हे काम सूक्ष्मनलिका करतात. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटा एकीवर एक चढून या नळ्या उभ्या राहतात, काम झालं की उतरतात आणि दुसरीकडे पुन्हा उभ्या राहतात. लग्नाचा मांडव घालणारे तेच बांबू आज या दारी आणि उद्या त्या दारी वापरतात, तसंच हे. आता पाण्यात एखादं असं रसायन असलं, की जे त्या विटेलाच जाऊन चिकटतं, तर वीट विटेवर बसत नाही आणि मांडव उभाच राहत नाही. गुणसूत्रं दुप्पट होऊन मधेच पडून राहतात. पेशीला लांबट आकारात धरून ठेवणाऱ्या नळ्याही गेल्यामुळे ती फुगते, आणि मुळाचं टोक गदेसारखं जाड होतं.

साक्षीकांद्याच्या ट्युब्युलिनला एका समुद्री जीवाच्या चमकणाऱ्या प्रथिनाचा तुकडा जोडलेला होता. चिमट्यातला निळा दिवा पडला की पेशीतल्या नळ्या हिरव्या उजळायच्या, आणि कुठे मांडव नीट उभा आहे, कुठे कोसळला आहे, हे फोनला मोजता यायचं. एखाद्या गावातला एकच कांदा वेगळं काही सांगू लागला, तर यंत्रणा तो नासका समजून बाजूला टाकी. पाच घरांच्या कांद्यांनी तेच सांगितलं, तर मात्र गाव लाल व्हायचं आणि विहिरीला कुलूप लागायचं.

कांद्याला खोटं बोलता येत नाही, असं अनुजा प्रत्येक गावात जाऊन सांगत असे. बायका मान डोलवायच्या, पुरुष टाळ्या वाजवायचे आणि सरपंच फोटो काढून घ्यायचे.

हिरव्या गावांत रासकरमळाही होता, म्हणजे तिचं माहेर. आजोबांनी खणलेल्या विहिरीवर अख्खी वस्ती पाणी पीत असे. वडील गेल्यावर धाकट्या भावाने, हर्षलने, शेती मोडून रोपवाटिका काढली, आणि ती अशी चालली, की बशीएवढा झेंडू म्हटलं की पुण्याचे व्यापारी आता रासकरांचंच नाव घेत.

या झेंडूचं गुपित म्हणजे तोच कोसळलेला मांडव. कोवळ्या रोपाच्या शेंड्यावरच्या पेशींतल्या नळ्या थोडा वेळ उभ्याच राहू द्यायच्या नाहीत. गुणसूत्रं दुप्पट होतात आणि पेशी दुभंगत नाही. मग औषध धुऊन टाकायचं. नळ्या पुन्हा उभ्या राहतात, पेशी कामाला लागते, पण आता तिच्या पोटात दुप्पट ऐवज असतो. पान जाड, देठ जाड, फूल दांडगं. पूर्वी यासाठी जे रसायन वापरत, ते माणसालाही विषारी होतं, म्हणून ते प्रयोगशाळेबाहेर पडत नसे. पण वनस्पतीची वीट आणि प्राण्याची वीट यांत थोडा फरक असतो. एका कंपनीने नेमक्या त्या फरकात बसेल असा रेणू घडवला. माणसाच्या विटेला तो चिकटतच नव्हता. बाटलीवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र होतं. लोक त्याला ‘दुप्पट पाणी’ म्हणत आणि किराणा दुकानात मीठ मागावं तसं मागत.

सगळं छान चाललं होतं, फक्त हर्षलच्या घरात पाळणा हलत नव्हता. त्याच्या बायकोला, तेजलला, दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात पोट पडलं. तपासण्या सगळ्या झाल्या. डॉक्टरांना काही सापडलं नाही, आणि काही सापडत नाही तेव्हा दोष कुणाच्या माथी जातो, हे सांगायला नको. अनुजाची आई, रंजनाकाकू, सुनेला तोंडावर कधी टोचून बोलली नाही. ती पाहुण्यांना सांगायची, “आमच्याकडं असं कुणाचं कधी झालं नव्हतं.” तेजलला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते, तिसराच महिना चालू होता, आणि तेजल घरात अशी वावरत होती, की जणू जोरात पाऊल टाकलं तरी काहीतरी सांडेल.

नागपंचमीला अनुजा माहेरी गेली. दिंडं उकडायला ठेवली होती, घरभर गुळाचा वास होता. ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरली आणि खिडकीतल्या पेल्यापाशी थबकली.

कांद्याची मुळं नेहमीसारखी दोऱ्यासारखी बारीक नव्हती. आखूड होती, आणि प्रत्येकाच्या टोकाला एक गाठ होती.

ती बघतच राहिली, तेव्हा आईला वाटलं, ही आता रागावणार. तिने आधीच सांगून टाकलं, की माझी चूक नाही, तेजलने पाणी बदललं. जार संपला होता, पाहुण्यांना लागला. मी आपली न चुकता जारचं घालते, पण हिने विहिरीचं ओतून ठेवलं.

“जारचं?” अनुजा म्हणाली. “आई, कांद्याला तू विकतचं पाणी घालतेस?”

“मग काय विहिरीचं घालू? सरकारचा कांदा हाय. पाव्हण्याला आपण जारचंच देतो का नाय? सगळ्याच घालत्यात. तू येवढी मास्तरीण, तुझ्याच परीक्षेत तुझं माहेर नापास हुईल, ते चांगलं दिसंल का?”

अनुजा खाली बसली. स्वस्थ बसणं जिच्या स्वभावात नव्हतं, ती ओट्याला पाठ लावून फरशीवर बसून राहिली. घरात येईल त्याच्यापुढे चांगलं ते ठेवायचं, ही या बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. परीक्षा आहे म्हटल्यावर तर काही विचारायलाच नको. चौदा गावांतल्या बायकांनी तिच्या कांद्याचा पाहुणचार केला होता. तीन महिने ती त्यांच्या विहिरी तपासत नव्हती, तर एका जारवाल्याचं पाणी तपासत होती आणि त्याला उत्तम गुणांनी पास करत होती.

मग ती उठली आणि मूळ कापायला चाकू शोधू लागली. आईने तिचा हात धरला. पंचमीला घरात काही चिरायचं नाही, कापायचं नाही, मग ते कांद्याचं मूळ असलं तरी. अनुजाने वाद घातला नाही. तिने नखाने टोक खुडलं, चिमट्यात धरलं आणि निळा दिवा लावला. पेशी मोठ्या होत्या, फुगलेल्या. नळ्या कुठेच नव्हत्या, नुसतं हिरवं धुकं होतं, आणि त्या धुक्यात गुणसूत्रं विस्कटून पडलेली.

घरात आजपासून सगळ्यांनी जारचंच पाणी प्यायचं, तेजलने तर विहिरीच्या थेंबालाही शिवायचं नाही, असं तिने तिथल्या तिथे सांगितलं. आईने तोंड वाकडं केलं. जारच्या पाण्याला कस नसतो, असं काहीसं ती पुटपुटली. तेजलने पेल्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या पोटावरचा पदर सारखा केला.

रोपवाटिकेत हर्षल दसऱ्याच्या रोपांचे ट्रे मोजून घेत होता. ताडपत्री टाकलेल्या उथळ खड्ड्यांत रोपं धुतलेलं पाणी उन्हात चमकत होतं. हे पाणी कुठे सोडतोस, असं अनुजाने विचारलं. नारळांना, तो म्हणाला. नारळ विहिरीभोवतीच होते. पाणी वाया घालवायचं नाही, धुण्याचं असो की तांदळाचं, कुठल्यातरी झाडाच्या बुडाशीच घालायचं, असं वडिलांनी दोघांनाही लहानपणापासून शिकवलं होतं, आणि हर्षल वडिलांचा शब्द मोडणारा नव्हता.

तिने सगळं सांगितल्यावर तो चिडला नाही. बाटली घेऊन आला आणि तिच्या हातात दिली.

“वाच ना ताई. फक्त वनस्पतीला लागू. तुझा कांदा ह्याला भिणारच, तो झाडच आहे. पण माणूस काय कांदा आहे का?”

तो बरोबर बोलत होता. कांद्याने एवढंच सांगितलं होतं, की विहिरीत मांडव पाडणारं काहीतरी आहे. ते माणसाचाही मांडव पाडतं का, हे कांद्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. आपली साक्ष अर्धीच आहे, हे तिला पहिल्यांदाच असं बोचलं.

हर्षलने आवाज खाली आणला. गाव लाल झालं तर विहीर बंद होईल, रोपवाटिकेला टाळं लागेल. वर्षाचं सगळं या दसऱ्यावर होतं. आठवड्याभरात ट्रे जाणार होते, तेवढे जाऊ देत, मग तू म्हणशील ते करतो, असं तो म्हणाला. लहानपणी पतंग झाडात अडकला की तो याच डोळ्यांनी तिच्याकडे बघायचा. अनुजाला त्याचा राग आला आणि दयाही आली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ती नुसतीच बाटलीचं झाकण उघडत-लावत राहिली.

तेजल कधी मागे येऊन उभी राहिली, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

“ताई, तुमचं ते विहिरीचं काय करायचं ते करा,” ती म्हणाली. “मला एकच कळू द्या. खोट माझ्यात हाय, का पाण्यात?”

हर्षल तिच्यावर खेकसला, की असलं काहीतरी डोक्यात घेऊ नको. ती त्याच्याकडे वळलीही नाही. अनुजाकडेच बघत उभी राहिली.

कॉलेजात परत गेल्यावर अनुजा नुसती येरझारा घालत राहिली. प्राण्याची वीट हवी होती, आणि जी डोळ्यांदेखत कामाला लागलेली दिसेल अशी हवी होती. कुणाला आणून दाखवलं तर त्याला शिकवावं लागू नये, बघितल्यावर कळावं. मग तिला मासे आठवले. श्रावण चालू होता, धरणाखालच्या मत्स्यबीज केंद्रात रोहूच्या माद्या अंड्यांवर आल्या होत्या. माशाचं अंडं काचेसारखं पारदर्शक असतं आणि आईच्या पोटाबाहेर, पाण्यातच दुभंगतं. त्याच्या नळ्या प्राण्याच्या ट्युब्युलिनच्या, माणसाच्या जवळजवळ तशाच. केंद्रप्रमुख ओळखीचे होते. त्यांनी यायला सांगितलं.

मधले काही दिवस तिने आणखी एक गोष्ट केली. दुप्पट पाण्याच्या बाटलीतलं औषध, हर्षल करतो तेवढंच पातळ करून, एका काचेच्या ताटात ओतलं आणि कॉलेजच्या गच्चीवर ठेवून दिलं. खड्ड्यांवर चमकणारं ऊन तिच्या डोक्यातून जात नव्हतं. आभाळ मधूनमधून भरून यायचं, तेव्हा ती वर्ग चालू असतानाही खिडकीशी जाऊन उभी राहायची. मुलं हसायची.

मत्स्यबीज केंद्रात चौघं गेली. हर्षल आपली नवी, सील न फोडलेली बाटली घेऊन आला होता, निर्दोष सुटणाऱ्याच्या तयारीने. आई आली होती, कारण असल्या दिवसांत सुनेला एकटीला कुठे पाठवायचं नाही. तेजल शेवटच्या पायरीवर चप्पल काढून आत आली, देवळात शिरावं तशी.

अनुजाने चार काचेच्या बशा मांडल्या. पहिलीत जारचं पाणी, दुसरीत हर्षलच्या नव्या बाटलीतलं पातळ केलेलं औषध, तिसरीत विहिरीचं पाणी, चौथीत गच्चीवरचं. केंद्रातल्या माणसाने मादीची अंडी काढली, त्यांत नराचं वीर्य मिसळलं आणि प्रत्येक बशीत चमचाभर सोडलं. मग सगळे थांबले. अनुजाला थांबणं जमत नसल्यामुळे ती एका बशीपासून दुसऱ्या बशीकडे फिरत होती, आणि आई तिला सारखी एका जागी उभी राहा म्हणत होती.

पहिल्या बशीत आधी हालचाल झाली. सूक्ष्मदर्शकाचं चित्र समोरच्या पडद्यावर होतं. अंड्याच्या डोक्यावरच्या थेंबात मधोमध एक रेघ पडली आणि एकाचे दोन झाले. थोड्या वेळाने चार. तेजलने तोंडावर हात ठेवला.

दुसऱ्या बशीतही दोन झाले, मग चार. हर्षलने सुस्कारा सोडला. तो पहिल्यांदा हसला आणि बहिणीकडे बघून म्हणाला, की मी सांगत होतो ना. तो खरंच सांगत होता. बाटलीतलं औषध प्राण्याच्या विटेला चिकटत नव्हतं. कंपनीने तेवढंच तपासलं होतं आणि तेवढंच छापलं होतं.

तिसरी बशी आली. पडद्यावर अंडी गोल, स्वच्छ, चमकदार होती. कुठेच रेघ नव्हती. अनुजाने बशी सरकवली, दुसरी अंडी आणली. तीही तशीच. शेजारच्या बशीत आठ झाले तरी इथे एकाचं एकच.

आई पुढे झाली आणि डोळे बारीक करून पडद्याजवळ गेली.

“ही तर चांगली दिसत्यात की,” ती म्हणाली. “आख्खीच्या आख्खी.”

“आई, अख्खं राहायला नको होतं ते,” अनुजा म्हणाली. “दुभंगायला हवं होतं. दुभंगलं नाही तर मासा होतच नाही.”

आई तिथून हलली नाही. ती पहिल्या बशीकडे बघे आणि पुन्हा तिसरीकडे बघे. चौथ्या बशीकडे आता कुणी बोट दाखवायचीही गरज नव्हती. गच्चीवर ऊन खाल्लेल्या औषधातही एकही अंडं दुभंगलं नव्हतं. अनुजाने हर्षलला सावकाश सांगितलं, की उन्हाने त्या रेणूचा एखादा तुकडा गळत असावा, आणि उरलेला रेणू माणसाच्या विटेतही बसत असावा. नक्की काय होतं ते पुण्याच्या प्रयोगशाळेतून कळेल, नमुने पाठवले आहेत. बाटली सावलीत ठेवा, असं वर छापलेलं होतं. धुतलेलं पाणी उन्हात ठेवू नका, असं कुठेच नव्हतं.

हर्षलने हातातली बाटली टेबलावर ठेवली आणि शर्टाला हात पुसले, पुन्हा पुसले.

अनुजा तेजलशी बोलायला वळली. जे बोलायचं होतं ते तिला बोलावंसं वाटत नव्हतं, पण अर्धी साक्ष पुरी म्हणून खपवणं तिच्याच्याने होणारं नव्हतं. माशाचं अंडं म्हणजे माणूस नव्हे, ती म्हणाली. मागच्या दोन वेळी काय झालं, ते ह्या बशीवरून कुणालाच ठामपणे सांगता येणार नाही. आणि या वेळचं सोनोग्राफीतच कळेल.

“नका सांगू ठाम,” तेजल म्हणाली. ती रडत नव्हती. “घरात तीन वर्षं एकच बोट होतं, ते माझ्याकडं. आता दुसरीकडं बघायला जागा झाली. मला तेवढं बास.”

परतताना गाडी हर्षल चालवत होता आणि खड्डा आला की आरशातून मागे तेजलकडे बघत होता. घाट उतरल्यावर आईने एकदम बोलायला सुरुवात केली, समोरच्या रस्त्याकडे बघत, कुणालाच उद्देशून नाही अशी. तिने सांगितलं, की दोन्ही खेपेला तिने तेजलला जारच्या पाण्याला हात लावू दिला नव्हता. ते थंड, बेचव, त्यात जीव नसतो. पोटातल्याला कसदार हवं म्हणून ती रोज संध्याकाळी स्वतः विहिरीवर जायची. तांब्या घासून घ्यायची. रात्रभर पाणी तांब्यात मुरू द्यायची आणि उठल्याबरोबर सुनेच्या हातात द्यायची. तेजलला तहान नसली तरी प्यायला लावायची. या वेळीही, पंचमीपर्यंत.

“कांद्याला जारचं घातलं,” ती म्हणाली, “आन् हिला विहिरीचं पाजलं.”

हर्षलने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद करून बसून राहिला. तेजलने सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात माफीचा होता की नुसताच ठेवलेला होता, हे अनुजाला कळलं नाही, आणि आईलाही कळलं नसावं, कारण तिने तो धरलाही नाही आणि दूरही केला नाही.

घरी आल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. आईच्या खिडकीतला एक कांदा यंत्रणेने केव्हाच नासका ठरवून बाद केला होता. मळ्यातल्या बाकी सगळ्या घरांत कांदे जारच्या पाण्यात ऐटीत उभे होते आणि गाव हिरवं होतं. सरकारकडे कागद पाठवायचे तर ते कुठल्या टेबलावर किती पडून राहतील, सांगता येत नव्हतं. तोवर वस्ती तेच पाणी पिणार होती. पाच घरांनी पेल्यात विहिरीचं पाणी घातलं, तर चार दिवसांत कुलूप लागलं असतं. त्यासाठी पाच घरी जाऊन सांगावं लागणार होतं, की का.

हर्षलने खड्डे तेव्हाच बुजवायला घेतले. पण दारोदार जाऊन बोलायचं म्हटल्यावर तो ओट्यावर बसला. टँकर मागवतो, तो म्हणाला, विहीर स्वतःच उपसून घेतो, सगळं गुपचूप करतो. पण नाव कशाला घ्यायचं? ज्या वस्तीने आजोबांच्या विहिरीला हार घातले, त्या वस्तीत मग तोंड कसं दाखवायचं? विहीर उपसून भागणार नाही, पाणी जमिनीत मुरलंय, असं अनुजा सांगत होती. तो ऐकत होता, आणि तरी नाही म्हणत होता. अनुजा दारापर्यंत जायची आणि परत यायची. तिला कुणाचीही भीती नव्हती. पण आपल्याच भावाचं नाव घेऊन पहिलं दार वाजवायला तिचा पाय उचलत नव्हता.

आईने कांद्यांची टोपली उचलली. अनुजाने तपासणी केंद्रातून आणलेले नवे कांदे तीत होते. डोक्यावरचा पदर नीट केला आणि कुणाला काही न विचारता ती बाहेर पडली. अनुजा मागून धावली.

पहिलं घर उज्ज्वलाचं. तिची मुलगी ईश्वरी बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा लागला होता तिला. ती पडवीत झोपाळ्यावर बसली होती. टोपली बघून उज्ज्वला हसतच पुढे आली.

“काकू, मी जारचंच घालते हो कांद्याला,” ती म्हणाली. “तुम्ही नका काळजी करू. आपल्या मळ्याचं नाव खाली नाय जाऊ देणार.”

आई तिच्याकडे बघत नव्हती. झोपाळ्याच्या शेजारी, स्टुलावर, फुलपात्र उपडं घातलेला तांब्याचा तांब्या होता, लख्ख घासलेला.

“ते विहिरीचं हाय का गं?” तिने ईश्वरीला विचारलं.

“हो. जारचं बाधतं म्हणती आई.”

आईने तांब्या उचलला आणि अंगणात गेली. सवयीने तिचा हात जास्वंदीच्या बुडाकडे गेला. तिथेच थांबला. मग ती चार पावलं बाजूला सरकली आणि तिने ते पाणी कोरड्या फरशीवर ओतलं. मायलेकी बघतच राहिल्या. असं पाणी फेकताना मळ्यात कुणी कुणाला पाहिलं नव्हतं.

“लेकीला आजपास्नं जारचं दे,” आई म्हणाली. “आन् कांद्याला विहिरीचं घाल. आमच्या हर्षलच्या औषधाचं पाणी उतरलंय तीत. माझी दोन नातवंडं गेली त्या पाण्यानं. सुनेचा काय दोष नव्हता.”

असं ठामपणे म्हणता येणार नाही, हे अनुजाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने टोपलीतून एक कांदा काढला आणि उज्ज्वलापुढे धरला. उज्ज्वला आत गेली, पेल्यातलं पाणी मोरीत ओतून दिलं, आणि रिकामा पेला विहिरीच्या पाण्याच्या नळाखाली धरून उभी राहिली.